वाचनालयाच्या भिंतीवरच्या नऊ पाट्या : कामाच्या नोंदी

४ मे

आमचं वाचनालय कोल्हापुरात मंगळवार पेठेत, तालमीच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, एक जिना आणि जिन्याला लागून लांब मोकळी भिंत. आत चौदा फोटो लावलेत, चौदाही पुरुषांचे. अभ्यासिकेत रोज वीस-पंचवीस पोरं बसतात त्यातल्या निम्म्याहून जास्त मुली आहेत, त्यांना मान वर केली की एकही बाई दिसत नाही. हे मी मीटिंगमध्ये बोलले, तर सगळे म्हणाले मग तूच कर.

ठरलं ते असं. जिन्याच्या भिंतीवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, कोल्हापूरशी काहीतरी नातं असलेल्या बायकांच्या पाट्या लावायच्या. फ्लेक्स नको, दोन वर्षांपूर्वी लावलेला फ्लेक्स एका उन्हाळ्यात पांढरा पडला आणि पावसाळ्यात फाटला. पत्र्यावर हाताने रंगवायचं. गल्लीत एक जुने पेंटर आहेत, पूर्वी सिनेमाचे बोर्ड आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आता काम जवळजवळ बंद आहे. त्यांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले. मुहूर्त २६ जून, शाहू जयंती. खर्चाचा अंदाज २०,०००.

ह्या नोंदी लिहितेय कारण अजून दोन गल्ल्यांतल्या लोकांनी विचारलंय की आम्हालाही करायचंय. आमचं जिथं चुकलं ते तुमचं चुकू नये.

९ मे

यादी पक्की करायला पाच दिवस गेले. प्रत्येकाला ताराराणी हव्यात. ताराराणी आम्हालाही प्रिय आहेत पण त्यांचा काळ वेगळा, दोनशे वर्षं आधीचा, आणि त्यांचा पुतळा चौकात दिमाखात उभा आहे. आपल्याला ज्या बायकांची पाटी कुठेच नाही त्या घ्यायच्यात. शेवटी नऊ नावं राहिली :

रखमाबाई केळवकर, डॉ. कृष्णाबाई केळवकर, इंदुमती राणीसाहेब, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, तानीबाई कागलकर, गुलाबबाई, दुर्गा खोटे, अवंतिकाबाई गोखले.

अवंतिकाबाई कोल्हापूरच्या नाहीत, त्यावर थोडी वादावादी झाली. मी अडून बसले. राजकारणातली एक तरी बाई पाहिजेच आणि त्यांचं काम इतकं मोठं आहे की नातं नसलं तरी चालतं. १९१७ साली गांधीजींबरोबर चंपारणला जाऊन खेड्यात शाळा चालवणारी मराठी बाई, १९१८ साली मुंबईत हिंद महिला समाज काढला, त्याच वर्षी मराठीत गांधीजींचं चरित्र लिहिलं आणि त्याला प्रस्तावना टिळकांची. मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९२१ साली, म्हणजे हे सगळं करत असताना स्वतःला मत द्यायचा अधिकार नव्हता. आमच्या अभ्यासिकेतल्या मुली स्पर्धा परीक्षेसाठी नागरिकशास्त्र पाठ करतात, त्यांना ही ओळ जिन्यात रोज दिसलीच पाहिजे असं मला वाटतं.

१४ मे

फोटो गोळा करणं. दुर्गाबाई, केसरबाई, मोगूबाई यांचे फोटो भरपूर. बाकीच्यांसाठी करवीर नगर वाचन मंदिरात दोन दिवस बसले, जुनी पुस्तकं, स्मरणिका, विशेषांक चाळले.

पुस्तकातला फोटो मोबाईलने काढताना पानाची घडी मध्ये येते आणि गालावर सावली पडते, पेंटर मग ती सावली खरी समजून रंगवतो. उपाय साधा आहे, खिडकीजवळ बसा, पानावर स्वच्छ काच ठेवा, फ्लॅश बंद, आणि फोटो वरून सरळ काढा.

आजची मोठी चूक. इंटरनेटवर 'रखमाबाई' शोधलं, सुरेख फोटो मिळाला, प्रिंट काढली, पेंटरकाकांना देऊनही आले. रात्री झोपताना डोक्यात आलं की हा चेहरा आपण डॉक्टर म्हणून कुठंतरी पाहिलाय. उठून बघितलं तर तो डॉ. रखमाबाईंचा फोटो. लहानपणी झालेलं लग्न मान्य नाही म्हणून कोर्टात लढल्या त्या, ज्यांचा खटला १८८४ ते १८८८ गाजला, नंतर लंडनला शिकून सुरतेत डॉक्टरकी केली त्या. आपल्या रखमाबाई केळवकर वेगळ्या, शिक्षिका, मिस लिटल यांच्यानंतर शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या मुलींच्या शिक्षणाचं खातं ज्यांच्याकडे दिलं त्या. दोघींचं नाव एक, काळ जवळजवळ एक, आणि केळवकरांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाली त्यामुळे 'डॉक्टर' हा शब्द दोन्हीकडे. घोळ व्हायला सगळं तयारच होतं. सकाळी सहाला काकांच्या दारात जाऊन फोटो परत आणला.

तेव्हापासून नियम केला, प्रत्येक फोटो दोन वेगवेगळ्या छापील ठिकाणी त्याच नावाखाली दिसल्याशिवाय पेंटरकडे द्यायचा नाही.

१८ मे

पत्रा घेतला. ८ बाय ४ फुटांचा, २२ गेज, जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला. एका पत्र्यातून ४ फूट उंच आणि २ फूट ८ इंच रुंद अशा बरोबर तीन पाट्या निघतात, वाया काही जात नाही. तीन पत्रे, ५,२५० रुपये. शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाल्या दादांकडून अँगलच्या फ्रेम करून घेतल्या, वेल्डिंगसकट एकाला ६५०. टेम्पोचे ६०० वेगळे, ते मी अंदाजात धरलेच नव्हते.

पत्र्याच्या कडा आत दुमडून घ्या. आम्ही पहिल्या दोन तशाच ठेवल्या आणि माझा अंगठा कापला.

२५ मे

काम सुरू. काकांनी पत्रा पुसला, रेड ऑक्साइड प्रायमरचा हात मारला, दुसऱ्या दिवशी पांढऱ्या इनॅमलचे दोन हात. मग फोटोवर पेन्सिलने चौकोन पाडले, पत्र्यावर तेवढेच चौकोन मोठे करून खडूच्या सुताने पाडले आणि एकेका चौकोनातली रेष उचलत गेले. प्रोजेक्टर आणू का विचारलं तर नको म्हणाले, "ताई, मशीन लावून काढलेला चेहरा बघणाऱ्याकडं बघत न्हाई."

पहिल्या घेतल्या केसरबाई. तीन संध्याकाळी लागल्या. कपाळावरची कुंकवाची टिकली काकांनी सगळ्यात शेवटी लावली, त्याआधी चेहरा कुणाचाही वाटत होता आणि टिकली लागली की त्या केसरबाई झाल्या. गल्लीतली लहान पोरं बघायला जमली होती, एकदम गप्प झाली.

मी त्यांना सांगितलं की ह्या बाईंचा आवाज आत्ता सूर्यमालेच्या बाहेर आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, त्यात भारतातलं एकच गाणं आहे, भैरवीतलं 'जात कहाँ हो', केसरबाईंचं. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. गोव्यातल्या केरीची मुलगी, आठ वर्षांची असताना घरच्यांबरोबर कोल्हापुरात आली, इथं काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकली. म्हणजे त्या गळ्यावरचे सुरुवातीचे संस्कार आपल्या गावातले.

३१ मे

वाईट दिवस.

सकाळी पाटी उचलताना कडेचा रंग नखाला लागून निघाला. पापडासारखा. सहज ओढून बघितला तर ओढेल तेवढा येत गेला, प्रायमरसकट, खाली पत्रा नवाकोरा चकचकीत. केसरबाईंचा डावा गाल अख्खा माझ्या हातात आला. काका काही बोलले नाहीत, खुर्चीवर बसून राहिले.

चूक काय झाली ते लक्ष्मीपुरीत रंगाच्या दुकानात कळलं. काकांची सगळी उमर साध्या काळ्या पत्र्यावर गेली, त्याला रेड ऑक्साइड घट्ट धरतो. जीआय पत्र्यावर जस्त असतं, त्याच्यावर रेड ऑक्साइड आणि इनॅमल थेट लावलं की सुरुवातीला झकास दिसतं आणि नंतर पोपडे सुटतात. गंजणार नाही म्हणून मीच हट्टाने जीआय घेतला होता, काकांनी साधाच पत्रा सांगितला होता. चूक माझी आहे हे मी त्यांना जाऊन सांगितलं.

वाया गेलं : प्रायमर-रंगाचे १,४८०, सहा दिवस आणि काकांच्या तीन संध्याकाळी.

३ जून

दुरुस्ती, नीट लिहून ठेवते.

सगळ्या पाट्यांवरचा जुना रंग खरवडून काढला. मग कपडे धुवायच्या पावडरीने पत्रा घासून धुतला, कारण नव्या पत्र्यावर तेलाचा हात असतो. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हलकी घासणी, जस्त खरवडायचं नाही, फक्त चकाकी मारायची. थिनरच्या फडक्याने पुसून घेतला आणि त्यावर वॉश प्रायमर. हा दोन डब्यांत येतो, मिसळल्यावर काही तासांत वापरून संपवावा लागतो म्हणून एका वेळी तीन पाट्यांपुरताच मिसळला. हात अगदी पातळ पाहिजे, खालचा पत्रा थोडा दिसला तरी चालतो. त्याच दिवशी वरून नेहमीचा प्रायमर, मग इनॅमल.

तपासायचं असेल तर चार दिवसांनी ब्लेडने कोपऱ्यात फुली मारा, वर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंग पट्टीबरोबर आला तर पुढं जाऊ नका. आमचा नंतर तपासला, आला नाही.

८ जून

रंग वाळेपर्यंत मजकूर करू म्हणलं. काका एक इंचाची अक्षरं काढतात, खालच्या दीड फुटात नऊ ओळी बसतात, म्हणजे एका पाटीला ४० शब्द, त्याच्यावर एक नाही. चाळीस शब्दांत बाई बसवायची म्हणजे किती अवघड असतं ते लिहायला बसल्यावर कळतं.

नऊ मजकूर लिहिले आणि भाचीला वाचायला दिले. नववीत आहे. वाचून झाल्यावर म्हणाली, "मावशी, ह्यात सहा बायकांच्या पहिल्या वाक्यात पुरुषाचं नाव आहे."

मोजलं. खरंच सहा. इंदुमती राणीसाहेब 'शाहू महाराजांच्या स्नुषा'. मोगूबाई 'अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या', आणि दुसऱ्या वाक्यात 'किशोरी आमोणकरांच्या आई'. तानीबाई 'बाबूराव पेंटरांना मदत करणाऱ्या'. मी मुद्दाम नव्हतं लिहिलं, पुस्तकांत जसं होतं तसं उतरत गेलं. पण ज्या कामासाठी भिंत घेतली तेच काम माझ्या हातून निसटत होतं हे बघून मला खूप लागलं.

सगळं परत लिहिलं. नियम असा की पहिलं वाक्य त्या बाईपासून सुरू होणार आणि क्रियापद तिचं स्वतःचं असणार. मोगूबाईंचं आधीचं गेलं आणि आता असं आहे : 'मोगूबाईंनी लहानपणी नाटक कंपनीत काम केलं. आई गेली तरी रियाज सोडला नाही. सांगलीत तो रियाज कानावर पडला म्हणून अल्लादिया खाँसाहेब स्वतः शिकवायला आले.' खाँसाहेब आहेतच, पण ते मोगूबाईंच्या दारात आलेत.

इंदुमती राणीसाहेबांवर काका नाराज झाले. "महाराजांची जयंती आणि महाराजांचंच नाव मागं?" मला त्यांचं म्हणणं समजतं. १९१७ चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा, १९१९ चा बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा, हे त्या माणसाने केलं म्हणून तर आज ही भिंत रंगवता येतेय. मी म्हणलं काका, महाराजांनी सुनेला विधवा झाल्यावर सोवळ्यात बसवलं नाही, पुस्तक हातात दिलं, ती पुढं यावी म्हणूनच ना? मग पाटीवर तिला पुढं येऊ दे. बराच वेळ विचार करून म्हणाले, बरं. आता आहे : 'इंदुमतीदेवी वयाच्या बाराव्या वर्षी विधवा झाल्या आणि सोनतळीला राहून शिकल्या.' महाराज दुसऱ्या वाक्यात, आणि शेवटी इंदुमतीदेवींनी स्वतः काढलेल्या ललिता विहार संस्थेचं नाव.

१२ जून

पाऊस लागला. पंचगंगेचं पाणी वाढतंय आणि आमचा रंग वाळत नाहीये. एरवी रात्रभरात वाळणाऱ्या इनॅमलला तीन दिवस लागतायत, वर पांढुरकी झाक येतेय, चकाकी जातेय. डॉ. कृष्णाबाईंची पाटी अशीच मेली, परत घासून परत हात मारला.

शेजारच्या वहिनींनी त्यांची वरची खोली दिली, पत्र्याचं छप्पर नसलेली. खिडक्या बंद, टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून, दोनशेचे दोन जुने बल्ब. दुपारी बारा ते चार एवढ्याच वेळात रंग लावायचा. रंगात रॉकेल घालू नका, लवकर वाळतो म्हणून बरेच जण सांगतील, पण नंतर रंग मऊ पडतो.

कृष्णाबाईंच्या पाटीबद्दल एक. आनंदीबाई जोशींची नेमणूक कोल्हापुरातच झाली होती, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डावर, पण त्या कामावर येण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. त्याच हॉस्पिटलात पुढे कृष्णाबाईंनी काम केलं. ते हॉस्पिटल म्हणजे आजचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, सीपीआर. गल्लीतल्या निम्म्या लोकांचा जन्म सीपीआरचा आहे आणि त्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं. चाळीसपैकी पंधरा शब्द मी ह्याला दिले.

१७ जून

तानीबाई कागलकरांची पाटी अडलीय. आठ जणींचे चेहरे मिळाले, तानीबाईंचा एकही फोटो माझ्या हाती लागला नाही. वाचन मंदिर झालं, जुन्या सिनेमाच्या दोन अभ्यासकांना विचारून झालं, कागलातल्या ओळखीच्या एका शिक्षकांनी चौकशी केली.

बाई गायिका होत्या. स्वदेशी कॅमेरा घडवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी सिनेमा काढायचं ठरवलं, आणि पैसा उभा राहीना तेव्हा तानीबाईंनी स्वतःचा पैसा घातला. त्यावर १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. त्या कंपनीत पुढं शांताराम, दामले, फत्तेलाल तयार झाले, तिथून प्रभात निघाली. आपण कोल्हापूरला चित्रनगरी म्हणतो, कॅमेऱ्याचा स्तंभ खरी कॉर्नरला उभा आहे, तो मला आवडतोच. पण ज्या बाईने पहिला पैसा दिला तिचं नाव आमच्या गल्लीत मी सांगेपर्यंत कुणी ऐकलं नव्हतं. गाऊन मिळवलेला पैसा, त्या काळातल्या गाणाऱ्या बाईचा, म्हाताऱ्या वयाची तेवढीच शिदोरी असणार. तो तिने एका न बनलेल्या सिनेमावर लावला.

एकाने सुचवलं की अंदाजाने चेहरा काढा, नऊवारी, नथ, झालं. दुसऱ्याने मोबाईलमध्ये चित्र तयार करून आणलं, दिसायला छान होतं. मी दोन्हीला नाही म्हणलं. खोटा चेहरा एकदा भिंतीवर गेला की उद्या कुणीतरी त्याचा फोटो काढून पुढं पाठवणार आणि दहा वर्षांनी तोच तानीबाईंचा चेहरा म्हणून छापून येणार. रखमाबाईंच्या फोटोचं काय झालं ते मी भोगलंय.

काकांनी मार्ग काढला. बाकीच्या आठ पाट्यांवर चेहऱ्याभोवती जी लंबगोल सोनेरी चौकट आहे तीच इथंही काढली, तेवढ्याच काळजीने, वेलबुट्टीसकट, आणि आत गडद निळा रंग सपाट भरून घेतला. खाली नाव इतरांपेक्षा मोठं, दोन इंची. काका अक्षरं आधी उभी करतात आणि शिरोरेषा शेवटी एका दमात ओढतात. 'तानीबाई कागलकर' वरची रेष ओढताना श्वास रोखून धरला होता, ओढून झाल्यावर म्हणाले, "एवढं मोठं नाव बाईचं मी आजपतुर रंगवलं नव्हतं."

२० जून

मजकुराची शेवटची तपासणी, आणि तीन चुका सापडल्या, रंगवायच्या आधी सापडल्या हे नशीब.

एक, गुलाबबाईंच्या पाटीवर मी 'भारतीय सिनेमातली पहिली नटी' लिहिलं होतं. चूक. १९१३ साली फाळक्यांच्या मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई होत्या. गुलाबबाईंचा 'सैरंध्री' आला १९२० साली. तो शब्द काढला. माझा अनुभव असा की 'पहिली' शब्दाच्या मागे लागू नका, दहापैकी सात वेळा कुणीतरी आधी असतंच आणि नसलं तरी वाद होतो. त्याऐवजी काय घडलं ते लिहा. गुलाबबाई आणि अनसूयाबाईंनी सिनेमात काम केलं आणि पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी झाली. सिनेमात काम करणाऱ्या बाईकडे लोक कसे बघत हे त्या बदललेल्या नावांवरूनच कळतं. आमच्या पाटीवर आईबापांनी ठेवलेलं नाव मोठं आणि पडद्यावरचं खाली बारीक आहे. अनसूयाबाईंचं नाव त्याच पाटीवर घेतलंय, वेगळी पाटी करायला पत्रा नव्हता ह्याची मला खंत आहे.

दोन, दुर्गा खोटेंच्या पाटीवर कुणीतरी पेनने 'पुणे' दुरुस्ती केली होती, प्रभात म्हणजे पुणे असं डोक्यात असतं. प्रभात पुण्याला गेली १९३३ साली. 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, कोल्हापुरात झालेला. पुणे खोडलं.

ह्याच पाटीसाठी वाचताना एक गोष्ट जुळली. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते साळुंके, पुरुष, कारण बाई मिळाली नव्हती. १९३२ साली तीच हरिश्चंद्राची गोष्ट, तीच तारामती, आणि आता ती दुर्गा खोटे, मुंबईच्या सुखवस्तू घरातली, कॉलेजात शिकलेली, मराठीत बोलणारी आणि गाणारी. मधे फक्त एकोणीस वर्षं. हे चाळीस शब्दांत बसवायला दोन तास लागले पण बसवलं.

तीन, 'कुर्डीकर'मधला डी माझ्या कागदावर ऱ्हस्व पडला होता. काका कागदावर असेल तसंच रंगवतात, त्यामुळे कागद मराठीच्या बाईंकडून तपासून घ्या. जाता जाता, मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावली धरणात गेलंय आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की काही दिवस वर येतं. पुढच्या मेमध्ये भाचीला घेऊन जायचंय.

२३ जून

भिंत. दगडी आणि चुन्याची, जुनी. प्लॅस्टिकच्या खुंट्या मारल्या तर चुना भुसभुशीत, पहिली पाटी एका रात्रीत तिरकी झाली. मग सांध्यात न मारता दगडात भोक पाडून अँकर बोल्ट घातले, पाटीला चार. ड्रिल भाड्याने आणि बोल्ट मिळून ७२०. पाटी भिंतीला टेकवू नका, मागे अर्धा इंच वॉशर घालून जागा सोडा, नाहीतर ओल मागून चढते.

२६ जून

नऊपैकी सातच लागल्या. अवंतिकाबाई आणि रखमाबाई अजून ओल्या. मुहूर्त पुढं ढकला असं काही जण म्हणाले, मी म्हणलं सात तर सात, दोन जागा मोकळ्या ठेवून खाली नावाच्या चिठ्ठ्या लावू.

सकाळी दसरा चौकात महाराजांना हार घालून सगळे इकडे आले. नारळ काकांच्या हस्ते. त्यांना आधी सांगितलं नव्हतं, नाहीतर आलेच नसते. हात रंगाने माखलेले तसेच, टॉवेलला पुसून पुढं झाले.

गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींना खुर्चीसकट वर आणलं. सगळ्या पाट्या भाचीकडून वाचून घेतल्या आणि विचारलं, "आगं, जयाबाई कुटं हाय? भागीरथीबाई?"

जयाबाई हविरे आणि भागीरथीबाई तांबट. ४२ च्या चळवळीत आपल्या गावातल्या इंग्रज गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्यावर ज्यांनी हल्ला केला त्या दोघी, जिथं आज शिवाजी महाराजांचा पुतळा आहे त्या चौकात. मला माहीत होत्या. मी १९३५ पर्यंतचाच काळ धरला होता म्हणून त्या यादीत आल्या नाहीत. आजींना काळाची रेघ सांगायला लागले तर त्या म्हणाल्या, मी लहान हुते तवा आमच्या घरात ह्या दोघींचं नाव घेताना आई चूल फुंकायची थांबायची. मी गप्प बसले. राजकारणातली बाई पाहिजे म्हणून मी मुंबईपर्यंत गेले, आणि ह्या दोघी आमच्या चौकातल्या.

५ जुलै

राहिलेल्या दोन लागल्या. रखमाबाईंच्या पाटीत मागे फळा आहे, काकांनी त्यावर खडूने लिहिल्यासारखं 'अ' काढलाय, ते त्यांनी मला न विचारता केलं आणि फार सुंदर झालंय.

हिशोब : पत्रा ५,२५०, फ्रेम ५,८५०, टेम्पो ६००, वाया गेलेला रंग १,४८०, नंतरचा रंग, वॉश प्रायमर, थिनर, पॉलिश पेपर ३,२६०, झेरॉक्स-प्रिंट ६४०, बोल्ट-ड्रिल ७२०, काकांना पाटीमागे १,२०० प्रमाणे १०,८००. एकूण २८,६००. तालमीने १५,००० दिले, बाकी वर्गणी. काकांची रक्कम कमी करायचा विषय एकाने काढला होता, तो मी होऊ दिला नाही. केसरबाई दोनदा रंगवल्या त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, ते अजून माझ्याकडे पाकिटात आहेत.

वेळ : तीन आठवडे धरले होते, नऊ आठवडे लागले. सुरुवात दिवाळीनंतर करा.

१९ जुलै

सलग आठ दिवस पाऊस झाल्यावर पाट्या तपासल्या. चिकटपट्टीची परीक्षा परत केली, रंग घट्ट. दुर्गाबाईंच्या खालच्या उजव्या बोल्टला गंज, तो बदलला, स्टीलचा घातला. बाकीचेही बदलायचेत.

तानीबाईंच्या निळ्या लंबगोलात मुलींचे चेहरे दिसतात, इनॅमल चकचकीत आहे म्हणून. हे आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हतं. काल एक मुलगी जिन्यात थांबून त्यात बघून केस नीट करत होती आणि मग खालचं नाव वाचलं, मोठ्याने.

उद्यमनगरात दहाव्या पाटीचा पत्रा सांगून आलेय. जयाबाई आणि भागीरथीबाई, एकाच पाटीवर. आजींना फोटो मिळतोय का बघायला सांगितलंय, त्यांची एक पुतणी गंगावेशीत राहते.